वृत्तिपालट आणि स्वधर्म

मनुष्याने उपजीविकेचा धंदा बदलावा की न बदलावा, हा प्रश्न सुकाळात केवळ सोयीचा असतो. चूल विझू लागली म्हणजे तो धर्माचा होतो.

बंगळूरची जुनी पेठ केंपेगौडाने १५३७ साली वसविली. पुढे ती शहाजीराजांच्या जहागिरीत आली. त्या पेठेतील चिकपेट आजही कापडाच्या दुकानांनी गजबजलेली आहे. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर तेथील एक मराठी भाषक गृहस्थ माझ्याकडे आले. घराणे भावसार, म्हणजे मूळचे रंगारी. स्वतः पंचवीस वर्षे साड्यांच्या एका दुकानात विक्रीस होते. दुकान बंद झाले, नोकरी गेली. मुलीचे शिक्षण मात्र चालूच होते. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, आप्त म्हणतात, साड्यांना फॉल लावायला आणि रफू करायला शिका. मला वाटते, सर्व सोडून पंढरपुरास जाऊन राहावे. पन्नाशीत नवा धंदा धरणे म्हणजे स्वधर्म टाकणेच ना?"

परधर्म भयावह असतो, असे सांगणारे तिसऱ्या अध्यायातील प्रसिद्ध वचन त्यांना ऐकवून मी मोकळा झालो. ते निमूटपणे उठून गेले. रात्री माझी मलाच लाज वाटली. पाठशाळेत मी व्याकरण शिकलो ते अध्यापनासाठी. आज पोट भरतो ते भाषांतरावर. जे स्वतःस लावले नाही, ते शास्त्र मी दुसऱ्यास सांगितले होते.

पूर्वाचार्यांनी स्वधर्म म्हणजे वर्णविहित कर्म असाच अर्थ केला, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्याच परंपरेने आपद्धर्मही सांगितला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकटकाळी दुसऱ्या वृत्तीने जगण्याची मोकळीक आहे. अठराव्या अध्यायात भगवंत सदोष कर्मही टाकू नये असे सांगून अग्नीस वेढणाऱ्या धुराचा दृष्टान्त देतात. धूर झाला म्हणून अग्नी टाकू नये, हे खरे. पण अग्नीच विझला तर? या गृहस्थांच्या पूर्वजांचे तेच झाले. १८६९ च्या सुमारास लाल रंगाचे द्रव्य युरोपात रसायनांतून सिद्ध होऊ लागले. १८९७ साली कृत्रिम नीळ जर्मनीतून विक्रीस आली. वनस्पतींच्या रंगांची मागणी ओसरली आणि रंगाऱ्यांची अनेक घराणी शिवणकामाकडे व कापडविक्रीकडे वळली. त्यांनी कर्म टाकले नव्हते. कर्मच त्यांच्या हातून गेले होते.

मग धर्म्य पालट कोणता आणि पलायन कोणते? याचा निवाडा अर्जुनाच्याच चरित्रात आहे. विराटनगरात तो वर्षभर नृत्यशिक्षक होता. भीम स्वयंपाकी, नकुल अश्वपाल, सहदेव गोपाल झाला. त्या पालटास कोणीही अधर्म म्हटले नाही. पुढे रणांगणावर तोच अर्जुन भिक्षा मागून जगण्याची गोष्ट बोलू लागला, तेव्हा मात्र भगवंतांनी त्यास अडविले. पहिला पालट दिलेला शब्द पाळण्यासाठी होता, दुसरा शोकातून सुटण्यासाठी. मोहाने केलेल्या त्यागास गीता तामस म्हणते आणि क्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागास राजस. म्हणून काय धरले यापेक्षा कशासाठी सोडले, हे आधी पाहावे.

विराटपर्वातील आणखी दोन गोष्टी व्यवहारात उपयोगी आहेत. अज्ञातवासात प्रत्येकाने आपल्याला आधीच अवगत असलेली विद्या निवडली. अर्जुनाचे नृत्य चित्रसेन गंधर्वाकडे शिकलेले होते. आणि शस्त्रे त्यांनी फेकली नाहीत, शमीवृक्षावर जपून ठेवली. धंदा बदलणाऱ्याने आपल्या हातात, डोळ्यांत काय शिल्लक आहे ते तपासावे. जुनी विद्या टाकू नये.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो व म्हणालो, "अण्णा, काल मी चुकलो. पंढरपूर आषाढीस जाता येईल. आज तेथे जाऊन राहणे हा त्याग नव्हे. मुलीचे ऋण शिरावर आहे. वस्त्राची पारख तुमच्या डोळ्यांत आहे. रफू हा तुम्हांस परधर्म नाही." त्यांनी विचारले, "आणि तेही चालले नाही तर?" यावर देण्यासारखे आश्वासन माझ्यापाशी नव्हते, गीतेनेही फळाची हमी दिलेली नाही. मी एवढेच म्हणालो, की जे हातात आहे ते चोख करावे आणि घरच्या अन्नाचा पैसा पणास लावू नये.

आज ते एका जिन्याखालच्या जागेत बसून रफू करतात. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे, मुलीचे शिक्षण मात्र खंडले नाही. साडी मूळच्या रंगाच्या धाग्यानेच सांधली जावी म्हणून ते धागा दाराशी नेऊन उजेडात पाहतात. तो डोळा रंगाऱ्याचाच आहे. वृत्ती पालटली, स्वधर्म मात्र सुटला नाही.