फलकावरची रिकामी ओळ

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात एक शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधला. त्यात शिलाहार राजाचे नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. पण मंदिर पाहायला आलेला माणूस मान उंचावून पाहत राहतो तो भिंतींवरच्या शिल्पांकडे, आणि ती घडवणाऱ्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. नावे कोरायची वेळ आली की माणसाची नजर कुठे वळते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. गेल्या वर्षी तो माझ्याच पुढ्यात येऊन बसला.

आमच्या कबड्डी मंडळाने निवृत्त खेळाडूंचा एक सन्मानफलक लावायचे ठरवले. निवड करायला आम्ही सातजण. मी जन्मभर शाळेत शिकवलेले, तेव्हा नियम करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी दूरचा आदर्श शोधला. अमेरिकेत बेसबॉल नावाचा, आपल्या क्रिकेटचा भाऊबंद शोभेल असा खेळ आहे. त्यातल्या थोर खेळाडूंसाठी कूपरस्टाउन या गावी एक कीर्तिमंदिर आहे. त्याची पहिली निवड १९३६ साली झाली. खेळाडू निदान दहा हंगाम खेळलेला हवा, निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेली हवीत, आणि मत देणाऱ्या क्रीडालेखकांपैकी शंभरात पंचाहत्तरांचा कौल हवा. टाळ्यांचा आवाज विरल्यावर मगच तोलायला बसावे, यात मोठे शहाणपण आहे. मी तीन चतुर्थांशाचा नियम आणला आणि सर्वांनी तो आनंदाने मान्य केला.

चार नावे सहज ठरली. पाचवे नाव अण्णांचे. अण्णा डाव्या कोपऱ्यावर खेळत. आज वय अठ्ठ्याहत्तर. कारखान्यात पाळ्या करून खेळले. रात्रपाळी असली की बाहेरगावचे सामने बुडायचे. राज्याच्या संघात त्यांची निवड कधी झाली नाही. चर्चेत एकजण म्हणाला, "म्हातारा थकलाय, तेवढंच समाधान." दुसरा म्हणाला, "नशिबानं दगा दिला हो बिचाऱ्याला." मते मोजली. पाच बाजूने, दोन विरुद्ध. सातांचे तीन चतुर्थांश म्हणजे सव्वापाच. नाव राहिले. त्या दोघांपैकी एक मी होतो.

माझे म्हणणे साधे होते. सन्मान म्हणजे दया नव्हे. समाधानासाठी नावे लावायची तर गावात समाधान नसलेली माणसे थोडी नाहीत. आजही हे म्हणणे मला खोटे वाटत नाही. तरीही माझे मत चुकले, असे मला आता वाटते. कसे, ते सांगतो.

पद्माकर शिवलकर आठवा. मुंबईचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज १२४ प्रथम श्रेणी सामने खेळला आणि त्याने ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात त्याने तामिळनाडूचे एका डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत पाच गडी टिपले. पण भारताकडून एकही कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. कारण त्याच जातीची गोलंदाजी करणारा बिशनसिंग बेदी तेव्हा ऐन भरात होता. यात अन्याय कोणाचा? बेदीचा तर नाहीच. सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिले, तेव्हा कसोटी न खेळलेल्या शिवलकरांना आणि राजिंदर गोयलांना त्यांनी त्यात जागा दिली. ती काही कीव नव्हती. संधी हुकली म्हणून त्यांचा गौरव झाला नाही. हुकलेल्या संधीमागे ५८९ बळी उभे होते, म्हणून झाला.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. पाळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले. पण जातीच्या भिंतीपायी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळाले. अमेरिकेतही १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती. त्यांतला सॅचेल पेज कीर्तिमंदिरात पोचला तो १९७१ साली. ज्या दालनाचे दार माणसाला बंद केले, त्या दालनातली कामगिरी त्याच्याकडे मागायची, हा कुठला न्याय?

म्हणजे विचारायचा प्रश्न 'किती मिळवले' एवढाच नाही, आणि 'किती सोसले' हा तर नाहीच. जेवढे अंगण वाट्याला आले, त्यात त्याने काय केले, हा तो प्रश्न आहे. अण्णांबद्दल तो कोणी विचारला नाही, मीही नाही. पाचांनी चुकीचे कारण दिले, मी ते कारण खोडले आणि काम संपले असे समजलो. खरे तर मला ठाऊक होते: घोट्याची ती पकड तीस वर्षे पोरांना शिकवली अण्णांनी. उल्हासनगरच्या कॅम्पातले, बदलापूरच्या गावठाणातले कोपऱ्यावरचे कितीतरी गडी त्यांच्या हाताखालून गेले. चढाईला येणारा परका गडी आमच्या मैदानावर डाव्या बाजूला जपून पाय टाकी, तो त्यांच्यामुळेच.

"आज यांना घेतलं, तर उद्या कोणाला नाही म्हणणार?" असे तेव्हा मी विचारले होते. उत्तर सोपे आहे: ज्याच्या केवळ दुर्दैवाखेरीज सांगण्यासारखे काही नाही, त्याला.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले. ते १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यानंतर, २००० सालचा. मृत माणसाला दिलेला सन्मान व्यर्थ नसतो. पुढच्या पोरांना थोर कशाला म्हणायचे ते त्यातून कळते. पण ऋण असेल तर ते धनको जिवंत असताना फेडलेले बरे. शिवलकरांना क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव २०१७ साली मिळाला. ते गेले २०२५ मध्ये. आठ वर्षे का होईना, त्यांनी तो स्वतः पाहिला.

नव्याने मतदान घ्या, असे मी मंडळाला सुचवले. उत्तर आले, "मास्तर, मतदान वर्षातून एकदाच, पाडव्याला. नियम तुमचाच." बरोबर होते. नियम मोडायला मी सांगणार नव्हतो.

मग मी अण्णांकडे गेलो आणि विरुद्ध मत माझे होते हे सांगून टाकले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, चढाईला आलेल्या गड्याचा पाय मी कधी घाईनं धरला नाही. तुम्ही घाई केलीत. असू द्या. लावायचं तर पाडव्यापर्यंत लावा. अजून चष्म्यानं वाचता येतं."

पाडवा जवळ आला आहे. फलकावर एक ओळ रिकामी आहे.