ऐकणाऱ्याचं देणं

एखादं संगीत आपल्याला वर्षानुवर्षं आनंद देतं, पण ते करणाऱ्याला त्याचा मोबदला नीट मिळालेला नाही, हे नंतर कळलं तर आपलं काही देणं लागतं का? आपण तर कुणाला फसवलेलं नसतं. ॲपची फी भरली, प्ले दाबलं, संपलं. तरी हा प्रश्न मला इतका सहज सुटतो असं वाटत नाही. त्यासाठी एका रेकॉर्डकडे नीट पाहूया.

'कॅन यू फील इट' १९८६ साली शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सने काढली. करणारा लॅरी हर्ड, मूळचा ड्रमर. रेकॉर्डवर नाव 'मिस्टर फिंगर्स'. हाताशी रोलंडचा जुनो-६० सिंथेसायझर आणि एक ड्रम मशीन. मूळ ट्रॅकमध्ये गायन नाही, आजच्या भाषेत ज्याला 'ड्रॉप' म्हणतात तोही नाही. खाली बेसची एक ओळ चालत राहते आणि वर उदासवाणे कॉर्ड्स श्वासासारखे येतात-जातात. नाचता येतं आणि एकट्याने डोळे मिटून ऐकताही येतं.

ती अजून का टिकली आहे? मला वाटतं, तिच्यात जागा आहे म्हणून. त्या काळाचा विचार करा. १९७९ मध्ये शिकागोच्याच बेसबॉल स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोट करून उडवल्या गेल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच शहरातल्या 'वेअरहाउस' क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डिस्को वाजवत राहिला. नाचणारे बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, त्यातले कितीतरी समलिंगी. बाहेर ज्यांना जागा नव्हती त्यांना आत होती. 'हाउस' हे नावही बहुधा त्याच क्लबवरून आलं. हर्डच्या ट्रॅकमध्ये तीच मोकळीक ऐकू येते. पुढे कुणी त्यावर हाउस संगीताच्या जन्माची कथा सांगणारा, प्रवचनासारखा आवाज ठेवला, कुणी मार्टिन ल्यूथर किंग यांचं १९६३ चं भाषण ठेवलं. ट्रॅकने दोन्ही सामावून घेतलं.

पण दार उघडं असलं की कुणीही आत येतं. २०२० मध्ये हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी ट्रॅक्सवर दावा लावला. आपल्या संगीताची रॉयल्टी आपल्याला मिळालीच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये तडजोड होऊन हक्क त्यांच्याकडे परत आले. म्हणजे रेकॉर्ड निघाल्यानंतर ३६ वर्षांनी.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो: 'कला सगळ्यांची असते.' मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाक्य मला ओळखीचं आहे. आमच्याकडे ओपन सोर्स कोड खरोखरच सगळ्यांचा असतो. पण तिथे लिहिणाऱ्याने स्वतः लायसन्स निवडलेलं असतं. 'घ्या' असं तो म्हणालेला असतो. दान आणि चोरी बाहेरून सारखीच दिसते, कारण दोन्हीकडे वस्तू दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. फरक एवढाच की दार कुणी उघडलं. 'कला सगळ्यांची' हे कलाकाराने म्हटलं तर औदार्य. पैसे मोजणाऱ्याने म्हटलं तर सोय.

कुणी म्हणेल, हक्क इतके काटेकोर जपले असते तर त्या ट्रॅकवर किंग यांचा आवाज कुणी ठेवला असता का? ती इतकी पसरली असती का? कदाचित नसती. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. पण त्यातून सिद्ध एवढंच होतं की मोकळेपणातून चांगलं काही घडू शकतं. त्या मोकळेपणाची किंमत एकट्या करणाऱ्यानेच का मोजावी, याचं उत्तर त्यात नाही. प्रसिद्धीने घरभाडं भागत नाही.

मग ऐकणाऱ्याचं देणं काय? अपराधी वाटून घेणं नक्कीच नाही. त्याने कुणाचंच भलं होत नाही. मला तीन साध्या गोष्टी सुचतात. एक, नाव माहीत करून घेणं; रीलखाली नुसतं 'व्हाइब' न लिहिता लॅरी हर्ड लिहिणं. दोन, करणारा स्वतः काही विकत असेल तर शक्य तेव्हा तिथून घेणं. तीन, दुसऱ्याच्या संगीतावर आपण पैसे कमावत असू, तर त्यातला वाटा त्याच्यापर्यंत पोचतो का हे विचारणं. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तिथे आपण नुसते ऐकणारे उरत नाही.

हे सगळं कळल्यावर बेसची ती ओळ बदलत नाही. आनंदही कमी होत नाही, निदान माझा तरी झाला नाही. फक्त तो फुकट आला नव्हता, हे आता माहीत असतं.