मुक्कामी गाडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर बसून विचारा, "तुमच्याकडं पाहण्यासारखं काय आहे?" माणूस आधी जरा ओशाळतो. मग म्हणतो, "टिपेश्वर हाय. नाहीतर सहस्रकुंडचा धबधबा, पण तो पावसाळ्यात." आणखी आठवून कळंबचा चिंतामणी सांगतो. तिथं यादी संपते. बाहेरच्याकडे तेवढीही यादी नसते. त्याला हा जिल्हा ठाऊक असतो तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. ते दुःख खरं आहे आणि अजून सरलेलं नाही. पण ज्या मुलखाचं नाव काढलं की फक्त मरण आठवतं, तिथली माणसं सकाळी दार उघडतात तेव्हा त्यांना समोर काय दिसतं, हे कुणी विचारत नाही.

गेली काही वर्षं मी सुट्टीचे दिवस याच जिल्ह्यात, एसटीनं आणि पायी हिंडण्यात घालवतो. या हिंडण्यातून एक गोष्ट मला पक्की पटली. इथला मुलूख पाहायचा तर तो या दोनच साधनांनी पाहता येतो, आणि ही दोन्ही साधनं आपण हातची घालवत चाललो आहोत.

जिल्ह्यातल्या वाटा मुळात कशासाठी पडल्या ते आधी पाहू. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं उभी केली ती वऱ्हाडातला कापूस बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन ओढत होतं. दारव्ह्याची माणसं तिच्यात बसत, तिच्यावर माया करत. पण तिचा जन्म गाठींसाठी झाला होता. वणीकडचे रस्ते कोळशाच्या ट्रकांनी काळे केले. जंगलातल्या जुन्या गाडीवाटा सागवान बाहेर काढण्यासाठी पडल्या. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग दोन मोठ्या शहरांना जोडतो. मधलं सगळं त्याच्या लेखी अंतर आहे. शे-दीडशे वर्षं इथं जी वाट आली ती काहीतरी उचलून न्यायला आली.

एसटी वेगळी ठरली. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा यवतमाळ मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. १९६१ मध्ये महाराष्ट्राचं एकत्र महामंडळ झालं आणि विदर्भातली आधीची सरकारी प्रवासी सेवा त्यात आली. पुढं गाव तिथे एसटी हे घोषवाक्य झालं. या गाडीचं वेळापत्रक माणसाच्या दिवसाला धरून आखलं गेलं: शाळेची वेळ, आठवडी बाजाराचा वार, तहसिलीचं काम, दवाखाना. शिवाय तिच्यात एक अशी फेरी होती जी दुसऱ्या कुठल्याच वाहनाला सुचली नसती, ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघायचं, मार्गावरच्या शेवटच्या गावी पोचायचं, रात्र तिथंच काढायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत यायचं. ज्या जिल्ह्यात प्रत्येक वाट बाहेरच्या दिशेनं ओढते, तिथं दिवस मावळताना माणसं घरी आणून सोडणारी आणि स्वतःही गावातच झोपणारी गाडी ही मला फार मोठी गोष्ट वाटते. नवी रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, पुढं ती यवतमाळवरून नांदेडला जाईल. तिचं स्वागतच आहे. पण रेल्वे फाट्यावर थांबत नाही.

कारमधून हा मुलूख दिसत नाही, याचं कारण अगदी साधं आहे. कारची काच रस्त्याकडेच्या काटेरी कुंपणाच्या उंचीला येते. एसटीची खिडकी त्या कुंपणावरून पाहते. त्यामुळे पऱ्हाटीच्या ओळी, मधली तुरीची तासं, धुऱ्यावरचा एकटा मोह, पलीकडं सपाट माथ्याची टेकडी आणि तिच्या उतारावरची सागाची राई हे एकामागे एक उलगडत जातं. कार गावाला वळसा घालून जाते. एसटी गावात शिरते, पाराला फेरी मारून तोंड फिरवते आणि तेवढ्यात गावाची ओसरी, हातपंप, शाळेची भिंत, वाळत घातलेली मिरची सगळं दाखवून जाते. फेब्रुवारी-मार्चात घाटंजीहून पांढरकवड्याकडे निघालात तर दोन्ही अंगांना पळस असा पेटलेला असतो की गाडीत गप्पा मारणारेही मधेच थांबतात. हा थांबा वेळापत्रकात नसतो, पण प्रत्येक फेरीत मी तो ऐकलेला आहे.

मात्र खिडकी निम्मंच दाखवते. उरलेलं पाहायला फाट्यावर उतरावं लागतं. हात दाखवून थांबवलेली गाडी हात दाखवून सोडताही येते. वाहक विचारतो, "इथं उतरून जाता कुठं काका? गाव तर आत हाय." आत म्हणजे पांदण. दोन वावरांमधून गेलेली, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खचलेली ही वाट. दोन्ही बाजूंना बोरी, बाभळी, हिवर. पावसाळ्यात तरोटा कमरेपर्यंत येतो आणि काळ्या मातीचा गारा चपलेला असा धरतो की दहा पावलांत पाय दुप्पट जड होतो. डिसेंबर-जानेवारीत याच पांदणीतून कापसाच्या गाड्या जातात, भाराच्या बाहेर आलेला कापूस दोन्हीकडच्या बाभळींना घासतो आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके अडकून राहतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ही काटेरी बाभूळ फुलल्यासारखी दिसते. जवळ जाऊन पाहिलं तर एकेक पुंजका सरकीसकट असतो. कुणाच्या तरी वेचणीचं एकेक बोंड. हे दृश्य कुठल्याही पर्यटन नकाशावर नाही आणि पांदणीत पाय टाकल्याशिवाय ते दिसत नाही.

एकदा झरी-जामणी तालुक्यात अशाच वाटेनं कोलाम आदिवासींच्या पोडाकडे, म्हणजे वस्तीकडे, जात होतो. बरोबर एक म्हातारा होता, खांद्यावर बांबूचे ताजे फोक. "काय पाहाले आले बाप्पा? इथं हाय काय?" त्यानं विचारलं. मीच गप्प राहिलो. पुढं बरडाचा चढ चढून आम्ही वर आलो तेव्हा तो दम घ्यायला थांबला आणि काठीनं दाखवू लागला. ती हिरवी रेघ पैनगंगेची. तिच्या पलीकडं तेलंगण. त्या खिंडीतून ढग आले तर घटकाभरात पाणी येतं, या बाजूनं आले तर नुसतं गरजून जातात. त्या टेंभुर्णीखाली रोह्यांचा कळप बसतो. इथल्या वाऱ्याची, पाण्याची, जनावरांची दिशा त्याला पाठ होती. पाहण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्याइतकं त्या माळावर दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

याच तालुक्यात शिबला-पार्डी भागात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे खांब उघडे पडले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे बहुकोनी स्तंभ बनले. दख्खनच्या काळ्या खडकाची ही पूर्वेकडची कड. बातमी आली, फोटो आले, गाड्याही आल्या. मला मात्र त्या खांबांइतकाच तो चढ महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच खडकाची माती होऊन तिच्यात पऱ्हाटी उभी आहे, आणि हे नातं चालताना पायांना कळतं: आधी गारा, मग मुरूम, मग उघडा दगड.

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढं जाण्यात अर्थ नाही. पायी चालणं हा इथल्या बहुतेकांचा छंद नाही, ती गरज आहे. फाट्यावर गाडीची वाट पाहत बसलेल्या वेचणीवरच्या बाईला मी एकदा म्हटलं, "वाट छान आहे तुमची." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "असंल. पाहाले सवड कोठी हाय भाऊ?" दिवसभर किलोच्या भावानं कापूस वेचून तिची कंबर मोडलेली होती. तिच्यापुढं निसर्गाचं कौतुक करताना मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

जंगलाच्या कडेला तर चालणं जिवाशी येतं. राळेगाव–पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे बळी घेतल्याचं जिच्याबद्दल सांगितलं गेलं, ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ मारली गेली. देशभर तिची चर्चा झाली, तीही बहुतेक शहरांतून. त्या काळात सरपणाला, गुरामागं, वावरात जाणाऱ्या माणसानं पाऊल कसं उचललं असेल याचा विचार केल्याशिवाय पायवाटेवर लिहिण्याचा हक्क मिळत नाही.

तरीही त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर तिनं पाहू नये असं होत नाही. तिला सवड आणि सोय मिळावी असं होतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. तेव्हापासून ग्रामीण गाडीत बसलेली माणसं बदलली आहेत. पूर्वी बाई दिसायची ती दवाखान्याला किंवा लग्नाला निघालेली. आता दोघी-तिघी मिळून कळंबच्या देवळात, माहेरी, माहूरच्या गडावर सहज निघतात. त्या खिडकीशी बसतात आणि बाहेर पाहतात. माझ्या मते जिल्ह्याच्या पर्यटनात अलीकडं झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि तिला कुणी पर्यटन म्हटलेलं नाही.

जंगलाला कुंपण घालून आपण आणखी एक गैरसमज पोसला आहे: पाहण्यासारखं जे आहे ते गेटच्या आत आहे. टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. तिथं गाडीतूनच हिंडायचं, आणि ते योग्यही आहे. पण टिपेश्वरच्याच एका तरुण वाघानं हा समज खोडून काढला. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. जूनमध्ये तो निघाला आणि डिसेंबरपर्यंत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, १३०० किलोमीटरहून जास्त चालून. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या शेतांतून, नाल्यांच्या काठांनी, गावांच्या कडेनं, बहुधा रात्री, माणसांना चुकवत. त्याच्या वाटेचा नकाशा मी पुष्कळदा न्याहाळला आहे. अभयारण्यं त्यावर ठिपक्यांसारखी आहेत. बाकी सगळी रेघ पऱ्हाटीतून, तुरीतून, बरडावरून गेलेली. ज्याला आपण मधलं रिकामं समजतो, त्या जमिनीनं एका वाघाला अर्धं वर्ष पोसलं आणि लपवलं.

आणि जंगलात पाय टाकण्याचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. वणीत जन्मलेल्या बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र लागतो. वऱ्हाडात गवत होतं. गुरांना चारा आणायला माणसाला जंगलात जाता येत नसेल तर ते जंगल कुणाचं, हा त्या विळ्यामागचा प्रश्न होता. आज संदर्भ वेगळे आहेत, वन्यजीवांचा हक्कही आपण मान्य केला आहे. पण एखादा मुलूख ज्याचा आहे त्याला तो पायानं गाठता आला पाहिजे, ही त्यामागची जाणीव मला अजून खरी वाटते.

म्हणून पर्यटन विकास म्हटलं की धबधब्यापर्यंत डांबरी रस्ता, कमान, पार्किंग आणि फरशी एवढंच डोळ्यांसमोर येतं, तेव्हा मन खट्टू होतं. सहस्रकुंडला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. उमरखेडच्या जंगलातल्या, बंदी भाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातल्या गावांना मात्र तालुक्याला जायला सकाळची गाडी आली की नाही हीच काळजी असते. करोना आणि त्यानंतरचा २०२१-२२ चा पाचेक महिन्यांचा संप यांत आतल्या गावांच्या कितीतरी फेऱ्या थांबल्या आणि सगळ्या परत आल्या नाहीत. काळीपिवळी ज्याला परवडते तो तिनं जातो, पोरांनी मोटरसायकली घेतल्या, उरलेले घरी बसतात. पांदणींचं तेच. दोन्हीकडचे धुरे दरवर्षी वीतभर आत सरकतात, गाडीवाटेची पायवाट होते, पायवाटेचं भांडण होतं. सरकारच्या पाणंद योजनेत काही वाटा मोकळ्या झाल्या, तिथं वावरातला माल पावसाळ्यातही बाहेर निघू लागला. मला एवढंच मागायचं आहे की पांदण मोकळी करताना कडेची बोर आणि हिवर ठेवा, आणि फेरीचा विचार करताना उत्पन्नाच्या रकान्याशेजारी किती माणसं संध्याकाळी घरी परतली याचाही एक रकाना असू द्या.

मागच्या हिवाळ्यात एका पोडाजवळच्या गावी मुक्कामी गाडीनं गेलो. सात वाजून गेले होते. शाळेच्या दोन मुली उतरल्या, औषधाची पिशवी घेतलेला एक माणूस उतरला, वाहकानं किराणाचं एक खोकं खाली दिलं. चालकानं गाडी देवळाशेजारी लावली, मच्छरदाणीच्या दोऱ्या वरच्या दांड्याला बांधल्या आणि मागच्या लांब सीटवर अंथरूण टाकलं. कुणीतरी त्या दोघांना भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी आणून दिली. मला देवळाच्या ओसरीवर जागा मिळाली.

पहाटे साडेपाचला इंजिन सुरू झालं तेव्हा गाडीत तीन बाया आधीच बसलेल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, थंडीनं आखडून. उजेडाला अजून वेळ होता. पांदण सोडून गाडी डांबरीला लागली आणि टेकडीमागं तांबडं फुटू लागलं. खिडकीशी बसलेल्या बाईनं जाम झालेली काच दोन्ही हातांनी जोर लावून सरकवली. थंड वारा भसकन आत आला. दुसरी कुरकुरली, "लाव ना वो माय, थंडी वाजते." "लावतो, थांब," ती म्हणाली, आणि बाहेर पाहत राहिली.