रक्तातील गोष्ट कोणी कोणास सांगावी?

आमच्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या रानमुलखात सोयरीक जुळविताना घराणे पाहतात, धानाची बांधी किती ते पाहतात. आता आणखी एक गोष्ट विचारली जाऊ लागली आहे, ती ही की, मुलीचे सिकलसेलचे कार्ड काय सांगते? प्रश्न रास्त आहे. परंतु तो बहुतकरून मुलीविषयीच विचारितात, मुलाविषयी नाही, हे आमच्या मनास फार खुपते.

ह्या रोगात रक्तातील तांबड्या पेशी, ज्या वाटोळ्या असावयाच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग लेकराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात, अंगातले रक्त कमी होते. असे समजा की, प्रत्येक मनुष्यापाशी ह्या बाबतीत दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची व एक बापाची. एकच चिठ्ठी सिकलची असली तर तो वाहक. त्यास बहुधा काही त्रास होत नाही. दोन्ही सिकलच्या असल्या तर तो रोगी. दोघे वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक बाळंतपणी चार भागांपैकी एक भाग संभव रोगी लेकराचा, दोन भाग वाहकाचा, व एक भाग रोगमुक्त लेकराचा. ‘प्रत्येक बाळंतपणी’ हे शब्द ध्यानात धरावे. पहिले लेकरू रोगी झाले म्हणजे पुढील तीन सुटली, असा हिशेब कित्येक आईबाप मनात करितात. पण चिठ्ठ्या दर खेपेस नव्याने पडतात.

तर मग ह्यास कुळाचा दोष म्हणावे काय? 1954 साली ॲलिसन नामक विद्वानाने आफ्रिकेतील लोकांविषयी दाखवून दिले की, वाहकांस जबर हिवताप कमी बाधतो. ज्या रानांनी पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने लेकरे पुरली, तेथे ही एक चिठ्ठी जवळ असलेली लेकरे अधिक जगली. तरी लोक करणी म्हणतात, शाप म्हणतात, आणि बोट दाखवितात ते सुनेकडे. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी जो प्रश्न केला, त्याचे उत्तर आपण मंडळीत अनेकदा ऐकिले आहे. घरी येऊन मात्र तोच प्रश्न आपण पुनः विचारितो.

1958 साली नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य हिंदुस्थानातील ह्या रक्ताविषयी लिहिले. 1986 साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था स्थापिली, व आरंभीच्या वर्षांत ह्या रोगाची पाहणी केली. परंतु लोकांस ती आपली गरज वाटली नाही. आम्हांस ह्याचे नवल वाटत नाही. केवळ नाव कळून ठणका थांबत नाही. आता हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे. चंद्रपुरास डिसेंबर 2022 मध्ये ह्याच रक्तरोगांचे संशोधन केंद्र उघडले. आणि 1 जुलै 2023 पासून देशभर मोहीम चालू झाली, जिचा संकल्प 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा व 2047 पर्यंत रोगाचे निर्मूलन करण्याचा आहे. उद्देश चांगला आहे. मात्र रविवारी मागल्या रांगेत बसणारे रोगी लेकरू ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकून काय समजत असेल, हे बोलणाऱ्याने एकदा मनात आणावे.

कार्ड वाटणे सोपे, ते उलगडून सांगणे कठीण. हे काम करणारास समुपदेशक म्हणतात. दोन वाहकांनी परस्परांशी विवाह टाळावा, असा सल्ला तो देतो, व तो शहाणपणाचा आहे. पण सल्ला म्हणजे आज्ञा नव्हे. ज्यांचा संसार आधीच थाटला आहे, त्यांस ‘वेगळे व्हा’ असे म्हणण्याचा अधिकार ना समुपदेशकास, ना पाळकास. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाचीही तपासणी होऊ शकते. तिच्यानंतर काय करावे ह्या ओझ्याविषयी ह्या लहानशा लेखात निकाल देण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

आता उपदेशक बंधूंस नित्य भेडसावणारी अडचण घेऊ. समजा, अमुक घरची मुलगी वाहक आहे हे आपणांस ठाऊक आहे. साक्षगंध ठरते आहे. मुलाचा बाप आपणांस बाजूस नेऊन विचारितो, ‘गुरुजी, मुलीत काही आहे काय?’ ‘काही नाही’ म्हणणे ही लबाडी. ‘आहे’ म्हणणे ही चहाडी. कारण ती गोष्ट तिच्या रक्ताची आहे, आपण केवळ कानाने ऐकिलेली. उगीच गप्प राहिलो तर गप्प राहण्याचाही अर्थ गाव लावितो. आमच्या मते, त्यास उलट विचारावे, ‘दादा, आपल्या मुलाचे रक्त तपासिले काय?’ नंतर मुलीकडे जावे, तिच्या बापाकडे नव्हे. आणि हे तिने स्वतः सांगावे म्हणून तिला धीर द्यावा, व तिची इच्छा असल्यास सांगतेवेळी तिच्याजवळ बसावे. मुलगा अशा कोणत्याही रक्तरोगाचा वाहक वा रोगी नसेल, तर त्यांच्या पोटी रोगी लेकरू होण्याची भीती ह्या चिठ्ठीने नाही. सोयरीक मोडण्याचे कारणच उरत नाही. आणि मुलाकडील मंडळी त्याचे कार्ड दाखविण्यास कां कू करू लागली, तर सोयरीक कोणामुळे अडली, हे गावास कळेल इतक्या मोठ्याने सांगण्यास आम्ही स्वतः तयार आहो.