माशाला काय हवं असतं?

घराच्या मागच्या अंगणात तळं असलं आणि त्यात रंगीत मासे असले, की आपल्याकडचा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो, "यांना काही घालू का?" उत्तराची वाट न बघता तो स्वयंपाकघरात जातो आणि पोळीचा तुकडा, मूठभर चुरमुरे नाहीतर कणकेच्या गोळ्या घेऊन येतो. यात त्याचा काही दोष नाही. नदीकाठी गेलं की माशांना कणीक घालायची, हे आपल्यापैकी बहुतेकांनी आजीचं बोट धरून केलेलं आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मोठमोठे महसीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी पकडत नाही आणि येणारा जाणारा त्यांना खाऊ घालतो. त्या श्रद्धेमुळे तो डोह राखला गेला, ही गोष्ट लहान नाही.

पण वाळणकोंड ही वाहती नदी आहे. पावसाळ्यात ती सगळं धुऊन नेते. आमचं तळं वाहत नाही. दहा बाय सोळा फूट, चार फूट खोल, अंदाजे साडेचार हजार गॅलन पाणी आणि त्यात आठ कोई मासे. (कोई म्हणजे आंब्याची कोय नव्हे! जपानी भाषेत कोई म्हणजे कार्प जातीचा मासा.) इथे टाकलेली प्रत्येक गोळी इथेच राहते, माशाच्या पोटात जाऊन किंवा न जाता. नदीवर जे पुण्य असतं तेच आमच्या तळ्यावर माशाच्या जिवावर उठू शकतं. देणारा तोच, हेतू तोच, कणीकही तीच! मग पुण्य नेमकं कशात आहे?

हा प्रश्न मला थट्टेचा वाटत नाही. माणूस दया करतो तेव्हा बहुतेक वेळा स्वतःला काय द्यायला आवडेल ते देतो. समोरच्याला काय हवं आहे हे विचारायची पद्धत नाही, आणि मासा तर बोलतही नाही. उलट तो फसवतो. पावलांची चाहूल लागली की आमचे आठही जण काठाशी गोळा होतात, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करतात. बघणाऱ्याला वाटतं, किती भुकेले आहेत बिचारे! खरं म्हणजे अर्ध्या तासापूर्वी त्यांचं खाणं झालेलं असतं. कोई माशाला जठरच नसतं. खाल्लेलं साठवून ठेवायची सोय नसल्यामुळे निसर्गात तो दिवसभर चिखल चाळत थोडं थोडं खात राहतो, आणि म्हणून सदैव मागत राहतो. मागणं आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तळ्याकाठी जितकं स्पष्ट दिसतं तितकं मुलं वाढवताना दिसत नाही.

मग त्याला हवं काय असतं? एका शब्दात सांगायचं तर पाणी. जाणकार लोक म्हणतात की कोई पाळणं म्हणजे पाणी पाळणं, आणि ते अक्षरशः खरं आहे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं अन्न कुजलं की त्यात आणखी भर पडते. अमोनिया कल्ले जाळतो, आणि पाणी जितकं गरम व अल्कधर्मी तितका तो जास्त विषारी. त्यावर उपाय फिल्टरमधल्या बारीक जिवाणूंचा. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही घातकच. त्याने माशाचं रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही तो गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वस्ती नव्या तळ्यात बसायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. म्हणजे शनिवारी तळं खोदून रविवारी मासे आणणारा माणूस, कितीही प्रेमळ असला तरी, त्यांना विषात सोडत असतो.

नळाच्या पाण्याचंही तसंच. क्लोरीन असेल तर पाणी नुसतं उघडं ठेवलं की उडून जातं, पण अनेक शहरांत क्लोरामाइन वापरतात आणि ते असं सहजासहजी उडत नाही. त्यासाठी औषधच घालावं लागतं. फिल्टरचे स्पंज नळाखाली स्वच्छ धुतले की आपल्याला बरं वाटतं, जिवाणू मात्र मरतात. ते तळ्याच्याच पाण्यात बादलीत खळबळून घ्यायचे, थोडे मळकेच ठेवायचे. स्वच्छतेची आपली कल्पना इथे उपयोगी पडत नाही.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांचा विचार लागतो. लहानपणी हे ऐकताना वाटायचं की पात्र म्हणजे चांगल्या वर्तनाचा माणूस. तळ्यावर त्याचा फार साधा अर्थ लागतो. पाण्याचं तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की कोईची पचनशक्ती जवळजवळ थांबते. तेव्हा घातलेलं अन्न त्याला पचत नाही. इथे न्यू जर्सीत साधारण थॅंक्सगिव्हिंगच्या सुमारास खाणं बंद होतं ते वसंतात पाणी पुन्हा गरम होईपर्यंत. तेवढे महिने त्याला उपाशी ठेवणं हेच योग्य अन्नदान. त्या काळात आपलं काम एवढंच, की बर्फात एक भोक उघडं राहील असं पाहायचं, म्हणजे खालचे वायू बाहेर जातील. ते भोक हातोड्याने पाडायचं नाही, कारण तो धक्का पाण्यातून माशांपर्यंत जातो. असल्या काळजीत दिसण्यासारखं काही नसतं. कोणी टाळी वाजवत नाही, मासा तोंड उघडून आभार मानत नाही. पाण्याच्या परीक्षेचे थेंब नळीत टाकायचे आणि रंग बघायचा.

जाता जाता एक विनंती. गणपतीच्या दिवसांत तळं असलेल्या घरी "विसर्जन तुमच्याकडेच करू या का?" असं विचारलं जातं. मूर्ती प्लॅस्टरची असेल तर रंगासकट नकोच, आणि शाडूची बारीक माती फिल्टरमध्ये जाऊन बसते. बादलीत विसर्जन करावं आणि ते पाणी झाडांना घालावं. बाप्पाची हरकत असेल असं वाटत नाही.

आता याहून अवघड प्रश्न. एवढी उठाठेव करण्यापेक्षा मासे पाळूच नयेत, हे खरं नाही का? एका मुक्त जिवाला खड्ड्यात कोंडायचं आणि मग पाण्याची परीक्षा करत बसायचं, याला दया कसं म्हणावं? हा आक्षेप बहुधा कॉलेजात जाणारी मुलं घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

शतपथ ब्राह्मणात मनूची आणि माशाची गोष्ट आहे. सकाळी हात धुताना मनूच्या हाती एक छोटा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे लहानांना खातात. आधी मला घागरीत ठेव. घागर पुरेनाशी झाली की खड्डा खण आणि त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात ने. आपण ही गोष्ट प्रलयासाठी आणि नौकेसाठी लक्षात ठेवतो. मला त्यातल्या तीन भांड्यांचं महत्त्व जास्त वाटतं. मनूने एकदा हो म्हटलं आणि त्या होकाराचा आकार माशाबरोबर वाढत गेला. दुकानातून चार इंचांचा कोई पिशवीत घालून आणणाऱ्याने हे ऐकावं. तो मासा दोन फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. पन्नास गॅलनच्या पिंपात त्याला ठेवणं म्हणजे घागरीतच थांबणं. (मनूला माशाने प्रलयातून वाचवण्याचं वचन दिलं होतं, हेही खरं. आमच्या आठांपैकी कोणी तसं काही बोललेलं नाही.)

पण तिसरं भांडं आपल्याकडे नाही. मनूचा मासा समुद्राचा होता, त्याला परत जायला घर होतं. कोईला तसं घर नाही. जपानमधल्या निइगाता प्रांतात, यामाकोशीच्या डोंगराळ भागात भातशेती करणारे लोक हिवाळ्यात खायला मिळावेत म्हणून कार्प पाळत. त्यांच्यात अधूनमधून एखादा रंगीत निपजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतकऱ्यांनी असे मासे वेगळे काढून वाढवायला सुरुवात केली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि सगळीकडे त्यांचं नाव झालं. निशिकीगोई हे त्यांचं पूर्ण नाव, निशिकी म्हणजे जरतारी रेशमी कापड, पैठणीच म्हणा ना! आणि ही पैठणी विणताना हजारो पिल्लांतून मोजकी ठेवून बाकीची काढून टाकतात, हे सौंदर्याचं कौतुक करताना कोणी सांगत नाही. माणसाच्या डोळ्यांना आवडावा म्हणून घडवलेला हा जीव आहे. लालपांढऱ्या अंगाने तो कुठल्याही बगळ्याला दुरून दिसतो. त्याला निसर्गात सोडणं म्हणजे घरी पाठवणं नव्हे.

आणि तरीही लोक सोडतात! घर विकलं, तळं बुजवायचं आहे, मग मासे जवळच्या सरोवरात सोडून 'मुक्त' करतात आणि समाधानाने घरी जातात. कार्प हा मासा तळाचा गाळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करून टाकतो. आयुसीएनच्या यादीत जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींत तो आहे. ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग नद्यांची त्याने काय अवस्था केली आहे ते प्रसिद्ध आहे. एका माशाला दिलेली मुक्ती तिथल्या बेडकांना, बदकांना आणि मूळच्या माशांना भोगावी लागते. शिवाय तो रोगही घेऊन जातो. मुक्त करणं हा शब्द आपल्या कानाला इतका पवित्र लागतो, की त्याच्या आड आपण जबाबदारी टाकून देतो आहोत हे लक्षात येत नाही.

रोगाचा विषय निघालाच आहे. १९९८ साली इस्राएल आणि अमेरिकेत कोई हर्पिस नावाच्या विषाणूने तळीच्या तळी रिकामी झाली. त्यावर अजून औषध नाही, आणि वाचलेला मासा बाहेरून धडधाकट दिसला तरी विषाणू बाळगून असू शकतो. म्हणून नवा मासा आधी वेगळ्या टाकीत, कोमट पाण्यात काही आठवडे ठेवावा. हे बहुतेकांना पटतं. न पटणारी गोष्ट पुढची. असा मासा तळ्यात निघाला, किंवा एखाद्याच्या अंगावरची जखम हाडापर्यंत गेली आणि तो एका कुशीवर पडून नुसते कल्ले हलवत राहिला, तर काय करायचं?

"आपण कोण मारणारे? त्याचं आयुष्य असेल तितकं जगेल," असं म्हणणारे खूप भेटतात. माझ्या मते हे बोलणं रानातल्या माशाबद्दल ठीक आहे. ज्याचं पाणी, अन्न, थंडी, ऊन सगळं आपण ठरवतो त्याच्या बाबतीत फक्त मरण तेवढं दैवावर सोडणं ही सोयीची तटस्थता झाली. लवंगेचं तेल, आपल्या आज्या दाढदुखीवर वापरायच्या तेच, पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलं की माशाला गुंगी येते आणि मात्रा वाढवली की तो झोपेतच जातो. ही पद्धत पशुवैद्यांनाही मान्य आहे. मात्रा त्यांनाच विचारून घ्यावी. अहिंसेत हे बसत नाही असं कोणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही. पण मग त्याने त्या माशाजवळ शेवटपर्यंत बसावं, पडदा ओढून आत जाऊ नये.

बगळ्याचं मात्र मला उत्तर सापडलेलं नाही. तो इथला मूळचा, कायद्याने संरक्षित, आणि त्याचीही पिल्लं भुकेलीच असतात. तळ्यावर जाळी टाकतो तेव्हा आपण आपल्या माशांची बाजू घेतो एवढंच. न्याय वगैरे त्यात काही नसतो.

आपल्या मंडळातले आम्ही पुष्कळ जण आता साठीच्या आसपास आहोत. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून तळं करायचा विचार काहींच्या मनात आहे. त्यांनी हा हिशेब आधी करावा. आज आणलेला मासा तुम्ही नव्वदीला टेकाल तेव्हाही पोहत असेल. मुलं कॅलिफोर्नियात, घर कधी ना कधी विकणार, हिवाळ्यात दोन-तीन महिने पुण्याला जायची सवय. तळ्याला असली सुट्टी नसते. मुलांना गृहीत धरू नये, कारण होकार त्यांनी दिलेला नाही. शेजारी, आवड असलेली एखादी तरुण जोडी, कोई पाळणाऱ्यांचा जवळचा क्लब, यांच्याशी आधी बोलून ठेवावं. मोठा झालेला कोई घ्यायला पुष्कळ लोक आनंदाने तयार असतात, आधी सांगितलं तर.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी निइगातात मोठा भूकंप झाला. यामाकोशीचे रस्ते तुटले, सगळं गाव हलवावं लागलं. डोंगरउतारावरची तळी फुटली आणि असंख्य मासे मेले. लोक आधी बाहेर पडले, ते योग्यच होतं. पण मग ते परत गेले, उरलेल्या तळ्यांतले मासे गोळा केले, आणि रस्ता नसल्यामुळे ते हेलिकॉप्टरने खाली आणले. त्यात धंदा होता, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बियाणं होतं, हे उघड आहे. त्या वेळी स्वतःची घरं मात्र मोडून पडली होती.