चेहऱ्यामागचं मूल

सप्टेंबर १९४३. सिंगापूर जपानच्या ताब्यात होतं. एका रात्री बंदरातल्या जहाजांना सुरुंग लागले. काम होतं ऑस्ट्रेलियाहून आलेल्या कमांडोंचं. संशय आला तो चांगीच्या तुरुंगातल्या निःशस्त्र नागरी कैद्यांवर. जपानी लष्करी पोलिसांनी, केम्पेताईनं, ५७ जणांना चौकशीसाठी उचललं. त्यांतले १५ जण मेले. जे वाचले, त्यांत सिंगापूरचे अँग्लिकन बिशप लेनर्ड विल्सन होते.

त्यांना टेबलाला बांधून फटके मारले जात. मारणाऱ्यांना क्षमा कर, अशी प्रार्थना विल्सन यांनी आयुष्यभर लोकांना शिकवली होती. पण आता समोर निर्दय चेहरे होते, काहींना तर त्या मारण्यात मजा वाटत होती. ओठांवरची प्रार्थना मनात उतरेना. हे त्यांनी पुढे १९४६ साली बीबीसीवरच्या प्रवचनात मोकळेपणानं सांगितलं.

मग त्यांनी एक केलं. ही माणसं कधीकाळी लहान होती, भावंडांशी खेळत होती, आईबापांच्या मायेत वाढत होती, असं डोळ्यांपुढे आणलं. लहान मुलाचा द्वेष करणं अवघड असतं.

क्षमा मनाला बजावून येत नाही, हे आपण सगळेच जाणतो. 'विसरून जा' म्हटलं की जखम अधिकच ठसठसते. विल्सन यांनी अन्यायाला लहान म्हटलं नाही, वेदना नाकारली नाही. त्यांनी फक्त नजर बदलली. समोरचा माणूस त्याच्या दुष्कृत्याएवढाच नसतो, त्याआधीही तो कोणीतरी होता आणि त्यानंतरही होऊ शकतो, हे त्या नजरेला दिसलं.

सात-आठ महिन्यांनी ते केम्पेताईच्या तावडीतून सुटले, तरी कैदेतच राहिले. युद्ध संपल्यावर त्यांनी सिंगापूरचंच काम हाती घेतलं आणि पुढे १९५३ पासून १९६९ पर्यंत ते बर्मिंगहॅमचे बिशप होते. पण त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस मला वेगळाच वाटतो. छळ करणाऱ्यांपैकी एक जण ख्रिस्ती झाला, आणि १९४७ साली त्याला दृढीकरणाचा संस्कार दिला तो विल्सन यांनीच. या संस्कारात बिशप समोरच्याच्या मस्तकावर हात ठेवतो.

आपल्याकडेही मोठी माणसं लेकरांच्या डोक्यावर असाच हात ठेवतात. टेबलाला बांधलेल्या त्या माणसानं मनात पाहिलेलं मूल, त्या दिवशी त्याच्या हाताखाली होतं.