संमती देण्याआधी

सोलापूर,
घटस्थापना, २०२६

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजला अर्ली डिसिजनने अर्ज केला, तर नंबर लागायची शक्यता वाढते का?" असलं उत्तर घाईत द्यायचं नसतं, म्हणून लिहिते आहे.

वाढते. पण आकड्यांत दिसते तेवढी नाही.

गेल्या वर्षीचा तुझा अकरावीचा फॉर्म आठव. २०२५ मध्ये ते प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. दहा पसंतिक्रम भरता येत होते आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथेच प्रवेश घेणं भाग होतं. पण ते कॉलेज पहिलं लिहिलं म्हणून तुझा एक गुणही वाढला नव्हता. यादी गुणांवरच लागली.

अमेरिकेतल्या अर्ली डिसिजनमध्ये मात्र दिलेल्या शब्दाला वजन असतं. बऱ्याच ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा, त्यावर तू, पालक आणि शाळा अशा तिघांनी सह्या करायच्या आणि डिसेंबरच्या मध्यावर निवड झाली की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. या कॉलेजांत वर्षाला जेमतेम पाचशेच्या आसपास मुलं घेतात. नक्की येणारी मुलं आधीच कळली की त्यांचा वर्ग भरतो. म्हणून ती अशा अर्जाला झुकतं माप देतात. पण त्याच फेरीत प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडूही असतात, त्यामुळे निवडीचं प्रमाण फुगलेलं दिसतं. तो फुगवटा तुझ्या वाट्याला यायचा नाही.

आता खर्चाचं. नावाजलेल्या कॉलेजांत राहण्या-जेवणासकट वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर जातात, म्हणजे ७० लाख रुपयांहून जास्त. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांना निवडताना ऐपतही बघतात. ॲमहर्स्ट आणि बोडन ती बघत नाहीत, पण तिथली चुरस फार मोठी. कॉलेजकडून मिळालेली आर्थिक मदत खरोखरच पुरत नसेल, तर शब्दातून मोकळं होता येतं. मात्र चार कॉलेजांची मदत शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी तू आधीच सोडलेली असतेस. आपल्यासारख्या घराला ही संधी लहान नाही.

लहानपणी इथल्या, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तुला खांद्यावर घेऊन मी संमती कट्ट्यापाशी उभी राहायचे. यात्रेतल्या लग्नसोहळ्यासाठी नंदीध्वज येतात, आधी संमती वाचली जाते आणि मगच अक्षता पडतात. अर्ली डिसिजनची सही ही तशी संमतीच आहे. नंबर लागावा म्हणून संमती द्यायची नसते. मन ठरलेलं असतं म्हणून द्यायची असते.

तेव्हा येत्या रविवारी दादा-वहिनींना घेऊन बस. कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज काढ. परदेशी मुलांना मदत कशी देतात, ते कॉलेजलाच पत्र लिहून विचार. मग स्वतःला एकच प्रश्न विचार: सगळीकडून होकार आले, तरी मी इथेच जाईन का? उत्तर अडखळलं, तर नोव्हेंबर जाऊ दे. जानेवारीतले अर्ज आहेतच, आणि त्यांत कमीपणा काहीच नाही. उत्तर न अडखळता आलं आणि आकडा दादाला पेलणारा असला, तर बेधडक सही कर.

काय ठरलं ते कळव. मी वाट बघते.

तुझी,
आत्या